खिडकीकडची जागा

आईच्या पहिल्या वर्षश्राद्धाची तिथी मी चुकलो. विसरलो नव्हतो, वर्षभर दुसरं काही डोक्यात नव्हतं. पण चुकलो, आणि ती चूक कुंभकोणम्‌मध्ये राहणाऱ्या मराठी माणसाकडूनच व्हावी अशी आहे, म्हणून ती आधी सांगतो.

आमच्याकडचे तमिळ लोक श्राद्धाचा महिना सूर्यावरून धरतात. आमची मराठी घराणी तीनशे वर्षं इथे राहूनही चंद्रावरून धरतात. तिथी दोघांची एकच, महिना मात्र पुढेमागे होतो. दरमहाच्या श्राद्धांना हा फरक लक्षात येत नाही, कारण तिथे नुसती तिथी लागते. वर्षश्राद्धाला येतो. आई आश्विन शुद्ध त्रयोदशीला गेली तेव्हा तमिळ ऐप्पसी महिना लागून दहा दिवस झाले होते. पुढच्या वर्षी चंद्राचा आश्विन अलीकडे सरकला आणि ऐप्पसी लागायच्या आतच ती त्रयोदशी आली. आमचे मराठी पुरोहित मुलाकडे चेन्नईला राहायला गेल्यापासून आमच्याकडे तमिळ वाध्यार येतात. त्यांनी त्यांच्या रीतीप्रमाणे ऐप्पसीतली त्रयोदशी सांगितली, आणि मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाला पेन्सिलीने गोल केला. खरी तिथी त्याच्या एक महिना आधी होती. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं. आत्याला विचारलं असतं तरी तिने बसल्या जागी सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, वय चौऱ्याऐंशी, आमच्याच रस्त्यावर चार घरं पलीकडे राहते. तिच्याकडे आमच्या घराची किल्ली असते. मी प्रवासाला निघतोय हे कळल्यावर ती काठी टेकत आली आणि माझ्या नव्या पाठपिशवीकडे बघत उभी राहिली.

"वर्ष व्हायच्या आत समुद्र ओलांडू नये रे."

"विमान वरून जातं, आत्या. समुद्राला कळणारसुद्धा नाही."

"समुद्राला नसेल कळत. तुझ्या आईला कळेल. तिला सांगितल्यावाचून तू भाजीलासुद्धा गेला नाहीस कधी."

हे खरं होतं. शेवटची नऊ वर्षं आई आणि मी असे दोघंच घरात होतो. मी लग्न केलं नाही, भाऊबहीण नाही. संध्याकाळी कॉलेजातून आलो की आम्ही नकाशांचं पुस्तक उघडायचो. एखादी नदी धरायची आणि बोटाने समुद्रापर्यंत जायचं. मेकाँग आम्ही किती वेळा उतरलो असू. ती गेल्यावर ते पुस्तक मी उघडू शकलो नाही, आणि उघडायचं नसेल तर एकदा प्रत्यक्षच जाऊन यावं असं मनाने घेतलं. ऐप्पसीची तिथी महिन्याहून लांब होती, आणि कॉलेजला चांगली पंधरा दिवसांची सुटी होती.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. तिथीच्या आदल्या संध्याकाळी, दिवा लावल्यावर, श्राद्ध करणाऱ्याने घराच्या दारात उभं राहून गेलेल्या माणसाला हाक मारायची, अशी आमच्या घराण्यात रीत आहे. नाव घ्यायचं नाही, नात्याने बोलवायचं: उद्या जेवायला ये. हाक मारल्याशिवाय ते येत नाहीत. आणि एकदा हाक मारली की जेवल्याशिवाय आणि 'जा' म्हटल्याशिवाय जात नाहीत. म्हणून श्राद्धाच्या शेवटी निरोप द्यायचा, आणि तो चुकवायचा नाही. लहानपणी मी वडिलांना दारात उभं राहून अंधाऱ्या रस्त्याला हाक मारताना बघत असे आणि आईच्या पदराआड जात असे.

लाओसमध्ये एक आठवडा काढल्यावर मी लुआंग प्रबांगहून व्हिएतनामच्या सरहद्दीपलीकडच्या गावाला जाणारी बस धरली. सकाळी निघून संध्याकाळी पोचणारी, पंचवीसेक जागांची लहान बस. स्टँडवर धुकं इतकं होतं की बसचं तोंड दिसलं तर शेपूट दिसत नव्हतं. एका म्हातारीची टोपली मी टपावर चढवून दिली. ती काहीतरी पुटपुटली आणि धुक्यात गेली. ती त्या बसमध्ये चढली नाही, हे मी नंतर आठवून आठवून पक्कं केलं आहे.

मी मागून तिसऱ्या रांगेत मधल्या वाटेकडच्या जागेवर बसलो आणि खिडकीकडची जागा मोकळी राहिली. असं का बसलो ते मला त्या वेळी कळलं नाही. पट्टीश्वरम्‌ला देवीच्या दर्शनाला जाताना आई खिडकीशी बसायची, मी वाटेकडे. नऊ वर्षांत माझं शरीर तसंच बसायला शिकलं होतं.

कंडक्टर पन्नाशीचा, गळ्यात मफलर गुंडाळलेला, हसरा माणूस होता. बस सुटण्याआधी तो डोकी मोजत आला, माझ्यापाशी थांबला, आणि दोन बोटं दाखवून पुढे गेला. मला वाटलं, पाठपिशवीही मोजली असेल. पाण्याच्या बाटल्या वाटल्या तेव्हा त्याने मला दोन दिल्या. घाटात उलटी झाली तर म्हणून प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या, त्याही दोन. दुसरी मी परत करू लागलो तर त्याने ती माझ्यावरून हात लांबवून खिडकीकडच्या जागेवर ठेवली, नीट, घडी न मोडता.

वाटेत एका वस्तीवर सहासात माणसं चढली. जागा कमी होत्या. दोघंजण मधल्या वाटेत तांदळाच्या पोत्यांवर बसले. एक बाई माझ्या शेजारच्या जागेकडे वळली, तेवढ्यात कंडक्टरने पुढून काहीतरी ओरडून सांगितलं आणि ती हात जोडल्यासारखं करून पोत्यावर जाऊन बसली. मी उठून तिला खूण केली, ये, बस. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

माझ्या पुढच्या जागेवर पंचविशीतली एक व्हिएतनामी मुलगी होती. लुआंग प्रबांगच्या हॉटेलात काम करायची, सुटीवर घरी निघालेली, इंग्रजी छान बोलायची. थोड्या वेळाने कंडक्टर तिच्यापाशी वाकून काही बोलला आणि तिने मान मागे वळवली.

"तो म्हणतोय, पुढे वळणं फार आहेत. म्हातारीला काच थोडी उघडून द्या, बरं वाटेल."

"कोणती म्हातारी?"

तिने कंडक्टरला विचारलं. तो माझ्या शेजारी बघून हसला, आपल्या छातीवर हात ठेवला आणि दोनतीन शब्द बोलला.

"काय म्हणाला?"

"काही नाही," ती म्हणाली. "त्याची आईही अशीच गप्प बसते म्हणे प्रवासात."

"त्याला सांग, मी एकटाच आहे."

तिने सांगितलं असावं. कंडक्टरने मान डोलावली, वेड लागलेल्या नातेवाइकाची समजूत घालावी तशी, आणि पुढे गेला. मी स्वतःला स्टँडवरच्या म्हातारीची आठवण करून दिली. टोपली चढवताना त्याने आम्हाला एकत्र पाहिलं असेल, त्याचा गैरसमज झाला असेल, आणि आता तो मागे घेण्याची लाज वाटत असेल. एवढं समाधान करून घेतल्यावर मी काच बोटभर उघडली. कशाला उघडली ते विचारू नका.

बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. धुक्यातून एखादं केळीचं पान यायचं आणि जायचं. मी पुस्तक काढलं. ते वाचताना पान उलटायच्या आधी मी थोडा थांबतोय असं लक्षात आलं. आईला माझ्या खांद्यावरून वाचायची सवय होती, आणि तिचं वाचन सावकाश होतं. मी पुस्तक मिटून पिशवीत टाकलं.

दुपारी बस नाम ऊ नदीकाठच्या एका गावात जेवणासाठी थांबली. धुकं वर गेलं होतं पण आभाळ तसंच पांढरं, सूर्य कुठे आहे ते सांगता येऊ नये असं. मी मांसमच्छी खात नाही, म्हणून खाणावळीतल्या बाईकडे नुसता भात मागितला. तिथला भात चिकट असतो, बांबूच्या झाकणाच्या लहान टोपलीत देतात, हाताने गोळा करून खातात. तिने भात, दोन केळी आणि दोन ताटल्या आणून ठेवल्या. दुसरी ताटली मी समोर तशीच राहू दिली.

तिथे फोनला रेंज मिळाली, आणि रात्रीपासून अडकून राहिलेला आत्याचा निरोप आला. नातीच्या मदतीने तिने तो बोलून पाठवला होता. मी फोन कानाला लावला.

"अरे, कोठे आहेस? फोन कशाला घेतलास, उचलायचा नसेल तर? उद्या तेरस की रे. तुझ्या आईची तिथी. ऐप्पसीची वाट बघत बसलास काय? ती वाध्यारांची गणती, आमची नव्हे. मला आज चंद्र बघून ध्यानात आलं. मग काय करायचं? किल्ली घेऊन गेले, दिवा लावला आणि तुझ्या वासलात उभी राहून हाक मारली." वासल म्हणजे आमच्याकडे दारापुढची जागा. "बायकांनी मारू नये, ठाऊक आहे. मग कोण मारणार, तुझा आजा? ये म्हटलं. मग म्हटलं, येथे कोणी नाही गे, लेक परदेशात आहे, उद्या दिवसभर बसमध्ये असणार, तिकडेच जा. वाट विचारीत विचारीत जा. तिला घाई नसते कधी, पण पोचेल. आता तू बघ. उपाशी ठेवू नकोस तिला."

मागे नातीचा हसण्याचा आवाज होता आणि आत्या तिला 'गप गे' म्हणाली, तिथे निरोप संपला.

मला भीती वाटली असं म्हणता येणार नाही.  सकाळपासूनच्या सगळ्या दोन-दोन वस्तू डोळ्यांपुढून गेल्या. पण त्याहून मोठं जे मनात आलं ते हे, की ती सकाळपासून शेजारी बसली होती आणि तिने अजून काही खाल्लं नव्हतं.

श्राद्धाला जे लागतं त्यातलं माझ्याकडे काही नव्हतं. तीळ नाही, दर्भ नाही, मंत्र सांगणारा कोणी नाही. भात होता, केळी होती आणि नदी होती. मी दुसऱ्या ताटलीत भात आणि केळी घेऊन काठावर उतरलो, हातपाय धुतले आणि शर्टाच्या आतून जानवं उजव्या खांद्यावर घेतलं. घसरत्या चिखलात उभं राहून ते करताना मी किती हास्यास्पद दिसत असेन याचा विचार आला आणि गेला. मग अडलो. तोंड दक्षिणेला हवं, आणि दक्षिण कुठे ते कळेना. फोनमधलं होकायंत्र गरगर फिरत राहिलं. नाम ऊ दक्षिणेला वाहते आणि मेकाँगला मिळते, हे मला नकाशावरून पाठ होतं. प्रवाह जिकडे जाईल, तिकडे दक्षिण. पण खाली कुठेतरी धरण बांधलेलं आहे आणि पाणी तळ्यासारखं उभं होतं. मी केळ्याच्या सालीचा तुकडा टाकला. तो पडला तिथेच राहिला. वर रस्त्यावर ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी तुकड्याकडे बघत राहिलो. दुसरा हॉर्न झाला. मग तो तुकडा, कुणीतरी अगदी हलक्या बोटाने सरकवावा तसा, माझ्या डावीकडे सरकू लागला.

डावीकडे तोंड करून मी भाताचे तीन पिंड केले: आई, आजी, पणजी. त्या भाताचे पिंड फार सुबक होतात. नाती उच्चारून पाणी सोडलं. आई सावकाश जेवायची. हॉर्नकडे लक्ष न देता तिला लागेल एवढा वेळ मी बसून राहिलो.

आता फक्त निरोप उरला. दोन वाक्यांचा असतो. जेवण झालं, आता जा, एवढंच. मी हात जोडले. एक वर्ष मी त्या घरात एकटा काढलं होतं, आणि त्या दिवशी सकाळपासून माझ्या नकळत एकटा नव्हतो. कळलं तेव्हा तिला पाठवून द्यायची वेळ झाली होती. मी तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "चल, बस सुटेल."

मी वर चढलो. बसच्या दारापाशी क्षणभर बाजूला उभा राहिलो आणि मग चढलो. कंडक्टर काही रागावला नाही.

सरहद्दीवर सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करताना त्याने माझा घेतला आणि हात पुढे करून तसाच उभा राहिला. ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, "दुसरा मागतोय." मी नाही म्हणून मान हलवली. तो खिडकीकडे बराच वेळ बघत राहिला, मफलर नीट केला आणि मागच्या रांगेकडे गेला. कचेरीत माझ्या पासपोर्टवर शिक्का बसला आणि आम्ही पलीकडे गेलो. 'आम्ही' हा शब्द मी जपून लिहितो आहे.

ठरल्याप्रमाणे आठवड्याने मी कुंभकोणम्‌ला परतलो. दार उघडून पिशवी ठेवतो तोच आत्या आली. एरवी ती सरळ स्वयंपाकघरात जाते. त्या दिवशी वासलातच उभी राहिली.

"जेवली?"

"जेवली."

"आणि?"

मी पिशवीचे पट्टे सोडवू लागलो. तिने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं.

"शहाणाच आहेस," ती म्हणाली. "इतकी पुस्तकं वाचून हे केलंस. पाहुणी म्हणून बोलावलं मी, तू तर तिला ठेवूनच घेतलंस."

"ऐप्पसीची तेरस यायचीय अजून. वाध्यार येणार आहेत. तेव्हा बघू."

"तोवर तिने काय करायचं?"

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी दोन पेले कॉफी करू लागलो. एक प्यायचो, एक निवायचा, तो झाडाला घालायचो. नकाशांचं पुस्तक उघडलं. एक नदी धरली आणि बोटाने सावकाश गेलो. त्या दिवसांत मी सुखी होतो, हे लपवून काय करू. फक्त घर थंड असायचं. बाहेर उकडत असताना आईच्या खोलीतल्या फरशीवर पाय ठेवला की विहिरीच्या पायरीवर ठेवल्यासारखं वाटायचं. आत्या रोज येऊन वासलात उभी राहायची, चार शब्द बोलायची आणि आत न येता जायची.

तिथीच्या चार दिवस आधी मी पट्टीश्वरम्‌ला निघालो. बाजाराचा दिवस, बस गच्च भरलेली. मी मधल्या वाटेकडच्या जागेवर होतो. माझ्या शेजारची खिडकीकडची जागा मोकळी होती. माणसं एकमेकांच्या पायावर पाय देऊन उभी होती, आणि त्या जागेकडे कोणी वळत नव्हतं. माझ्या खांद्याला टेकून एक म्हातारी उभी होती, हातात भाजीची जड पिशवी. मी तमिळमधली आजीची हाक मारून म्हटलं, "पाट्टी, बसा ना." तिने जागेकडे पाहिलं, चटकन नजर काढून घेतली आणि म्हणाली, "नको रे बाबा, पुढल्या थांब्याला उतरायचंय." ती पुढल्या थांब्याला उतरली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. पट्टीश्वरम्‌पर्यंत ती माझ्या खांद्याला टेकून उभीच राहिली.

मला आईची लाज वाटली. म्हणजे तिच्या वतीने. आयुष्यात ती कधी दुसऱ्याला उभं ठेवून बसली नव्हती. पोटात माझ्या वेळचे सात महिने असताना बसमध्ये दुसऱ्या बाईला जागा दिल्याची तिची गोष्ट वडील चिडून सांगायचे. आणि मी तिला महिनाभर अशा जागेवर बसवून ठेवलं होतं की जिथून तिला उठताही येत नव्हतं. देवळात मी गेलो नाही. परतीच्या बसने सगळा रस्ता उभा राहून आलो.

ऐप्पसीच्या तेरसेला पाऊस होता. वाध्यारांना यातलं काही ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नाही. त्यांच्या मते तिथी हीच होती. आदल्या संध्याकाळी मी दारात उभा राहिलो होतो, पण हाक मारली नाही. बोलवायला बाहेर कोणी नव्हतं. तीळ, दर्भ, पिंड, सगळं रीतसर झालं. आत्या स्वयंपाकघराच्या दाराशी पाट घेऊन बसली होती, महिन्याने पहिल्यांदा घरात. निरोपाचे मंत्र वाध्यारांनी सांगितले आणि मी त्यांच्या मागून म्हटले. संस्कृतात ते सोपं जातं. मग ते दक्षिणा घेऊन छत्री उघडून गेले, आणि मी त्यांच्यामागे रीतीप्रमाणे सात पावलं रस्त्यात गेलो. तिथे पावसात उभं राहून मी ते आमच्या बोलीत म्हटलं. जेवण झालं, आई. आता जा.

काही झालं नाही. कोपऱ्यावर एक रिक्षा वळली.

परत आलो तेव्हा फरशी कोमट होती. मी ओल्या पायांनी आईच्या खोलीत गेलो आणि तिथे बराच वेळ उभा राहिलो. ती निव्वळ एक खोली होती.

"गेली?" आत्याने बाहेरून विचारलं.

"गेली."

 मग पाटावरून उठताना गुडघ्याला शिवी घातल्याचं ऐकू आलं.

"मग दार लाव," ती म्हणाली. "पाऊस आत येतोय."